दोन कुलपं

"दुसऱ्या कुलपाची किल्ली माझ्याकडे नाही," मिस्त्री म्हणाला आणि हातातला पाना पुसायला लागला.

सुपरवायझरने घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. चार वाजता मालक क्रेन पाहायला येणार होते. सुपरवायझर होऊन त्याला जेमतेम महिना झाला होता आणि हे त्याच्या हाताखालचं पहिलंच मोठं काम. सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून स्वारी खुशीत होती. पण मेन स्विचच्या दांड्याला लटकलेली दोन कुलपं पाहून त्याचा चेहरा जरा उतरला. एक नवं, लाल. दुसरं जुनं पितळी, झिजलेलं.

"मग कोणाकडे आहे?"

"बाईंकडे. कुलूप देतात, किल्ली स्वतःजवळ ठेवतात. फोन केलाय, निघाल्यात."

वेल्डरने डोळा मारला. "मागच्या कारखान्यातही हेच, साहेब. बाई आल्याशिवाय यांचा स्विच लागत नाही."

"म्हणजे घरून परवानगी लागते तर!" सुपरवायझर हसला. "अहो मिस्त्री, दोन्ही किल्ल्या स्वतःजवळ ठेवायच्या ना."

"मग कुलूप एकच झालं की."

माणूस विक्षिप्त होता, पण काम चोख. क्रेनवरून ओझं खाली येताना मोटर उलटी वीज तयार करते. ती वीज ब्रेकच्या रेझिस्टरमध्ये जाऊन तिची उष्णता होते. जुना रेझिस्टर कोणीतरी पॅनलच्या आत, प्लायवुडवर ठोकला होता. लाकूड कोळशासारखं काळं पडलं होतं.

"हा तापला की तवा होतो," मिस्त्री सकाळी म्हणाला होता. "तव्यावर कोणी वायरी वाळत घालतं का?"

त्याने स्विच बंद करून कुलपं लावली, तरी पंधरा मिनिटं पॅनलला हात लावला नाही. आत साठलेली वीज उतरू दिली, मीटर लावून खात्री केली, मगच आत शिरला. नवा रेझिस्टर बाहेर लोखंडी स्टँडवर बसवला. चारी बाजूंनी मोकळी हवा, भोवती जाळी, वरून एकही वायर नाही. जास्त तापला तर वीज आपोआप तुटावी म्हणून छोटा स्विच जोडला आणि तो खरंच तोडतो का, तेही मीटरने तीनदा पाहिलं. वेल्डर आणि तो दिवसभर पॅनलच्या मागच्या अरुंद जागेत आत-बाहेर करत होते.

पावणेचारला बाई आल्या. चाळिशी उलटलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, बाहीला शिवणकामाचे दोरे चिकटलेले. त्या दिसताच मिस्त्री उठून उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"झालं का, मिस्त्री?"

"झालं. बघून घ्या."

सुपरवायझरला गंमत वाटली. "घरीही मिस्त्रीच म्हणता की काय?"

बाई नुसत्या हसल्या. मिस्त्रीने त्यांच्या हातात टॉर्च दिली आणि चार पावलं मागे सरकला. आज दोघांचं बिनसलेलं दिसतंय, सुपरवायझरने मनात म्हटलं.

बाईंनी स्टँडखाली वाकून पाहिलं, वर पाहिलं, जाळी हलवून पाहिली. मग जाळीवरचं निळं प्लॅस्टिक चिमटीत उचललं.

"हे कोणाचं?"

सुपरवायझरचे कान लाल झाले. "माझं. म्हणजे... धूळ बसू नये म्हणून. मालक येणार, जरा नीटनेटकं दिसावं..."

"पेटलं असतं," बाई म्हणाल्या आणि घडी घालून ते त्याच्या हातात दिलं. "आत कोण कोण गेलं होतं?"

"मी आणि वेल्डर," मिस्त्री म्हणाला.

"वेल्डर कुठाय?"

"चहाला गेलाय," सुपरवायझर घाईने म्हणाला. "मी पाहिलं ना जाताना. लावा आता, मालक येतीलच."

"तुम्ही सांगू नका. मला तो दिसू दे."

"अहो बाई, मी खोटं कशाला बोलू?"

"खोटं नाही म्हणत मी."

त्या हलल्या नाहीत. मिस्त्रीही हलला नाही. फाटकात मालकांची गाडी वळली. सुपरवायझर एकदा गाडीकडे, एकदा कुलपांकडे पाहत राहिला. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शोभा होणार, दुसरं काय!

तेवढ्यात वेल्डर आला, अर्धं बिस्किट तोंडात. बाईंनी त्याला समोर उभं केलं, नखशिखांत पाहिलं आणि मगच पितळी कुलूप काढलं. मिस्त्रीने लाल कुलूप काढून दांडा वर केला.

दोन टनांचं ओझं वर गेलं. खाली येताना अधांतरी थांबलं, धक्का नाही की आवाज नाही. जाळीवरची हवा तेवढी थरथरली. मालकांनी तीनदा वर-खाली करून पाहिलं आणि सुपरवायझरच्या पाठीवर थाप मारली.

सुपरवायझरला आभाळ ठेंगणं झालं. मालक गेल्यावर त्याने स्वतः बाईंना चहा आणून दिला. मिस्त्री लांब, पेटीजवळ बसून हत्यारं भरत होता.

"खरं सांगू, वहिनी? मघाशी राग आला होता. पण तुमचं बरं आहे. नवरा कुठेही कामाला जावो, लगाम तुमच्या हातात!"

बाईंनी पितळी कुलूप पिशवीत ठेवलं आणि पिशवी खांद्याला अडकवली.

"ते माझे यजमान नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे कुलूप माझ्या यजमानांचं. बारा वर्षांपूर्वी ते असेच पॅनलमागे होते. ते चहाला गेलेत असं समजून ज्यांनी स्विच लावला, ते हे मिस्त्री."