गोड हिरवं पाणी

"मिस्त्री, हिला दारू पाजलीस काय रे?" गॅरेजवरच्या बिजली कुत्रीला झोकांड्या खाताना बघून ड्रायव्हर हसले. दिवसभर राबून आंबलेला इलाही मिस्त्रीही हसला.

तिसऱ्या दिवशी ती उठेना, तेव्हा तो तिला उचलून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला.

"गाडीचं इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट चाटलंय हिनं. गोड लागतं ना ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किडन्या गेल्यात. झोकांड्या खात होती तेव्हाच आणायला हवी होती."

ते कूलंट इलाहीनंच गॅरेजच्या जमिनीवर सोडलं होतं, नेहमीसारखं.

बिजलीला पुरून तो परतला, तर एक ट्रक कूलंट बदलायला थांबलेलाच.

"सोड की खालीच, घाई आहे," ड्रायव्हर म्हणाला.

इलाहीनं नळीखाली डबा धरला आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तसाच उकिडवा बसून राहिला.