चांदीला हात लावायचा नाही

किल्लीवाल्याच्या बायकोने गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली काढली, शिवणयंत्र बाजूला सरकवलं आणि भिंतीतलं लोखंडी दार उघडलं. ट्रेमधली नाणी लखलखत होती. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. दर महिन्याला एकदा ती उघडायची, आणि आठही वेळा तिने हेच पाहिलं होतं.

त्या वस्तीत चांदीचं तेज टिकत नसे. कागद गिरणीच्या धुराने ती महिन्याभरात काळी ठिक्कर पडायची. शिवताना बोटाला सुई टोचू नये म्हणून ती घालायची ते चांदीचं अंगुस्तानसुद्धा खिडकीत चार दिवस राहिलं की काजळायचं. सराफ रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तासभर माल पुसत बसायचा.

किल्लीवाला त्याच सराफाकडून नाणी घ्यायचा, दर महिन्याला एक. पहिल्या रविवारी दुपारी फलालीनचा तुकडा आणि खडूची पूड घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा, आणि खसखस घासत राहायचा. बायको जवळ आली की म्हणायचा, तुझ्या हाताला घाम फार, डाग पडतात, चांदीला हात लावायचा नाही. कुलूप त्याने स्वतः घडवलेलं. अख्ख्या वस्तीला जोडकिल्ल्या करून देणाऱ्या या माणसाने स्वतःच्या तिजोरीला मात्र एकच किल्ली ठेवली होती. तीही गळ्यात. बायको हसायची, म्हणायची, मंगळसूत्र मी घालते, पण गळ्यातलं जपता तुम्ही.

शेवटच्या सकाळी मात्र ती हसली नव्हती. लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, फी भरायची होती, आणि हा गडी नाणी काढायला तयार नव्हता. "बघू", "जमवू", एवढंच. दोन वर्षांपूर्वी तिचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हाही त्याने तिजोरीला हात लावला नव्हता. कुलूपवाल्यांच्या मंडळाने खर्च उचलला, असं म्हणाला होता. ते सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"मी मरायला टेकले होते तेव्हाही तुमची चांदी बाहेर आली नाही. कवटाळून बसा तिला."

त्याने पायात चपला घातल्या, हत्यारांची पेटी उचलली आणि गेला. ती दारापर्यंतही गेली नाही. दुपारी दुकानातच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. लेकीचा प्रवेशही त्या गडबडीत गेला.

पुढच्या महिन्यात तिने भीतभीत तिजोरी उघडली. नाणी काजळलेली असणार, असं धरून चालली होती. ती आरशासारखी होती. किल्ली तिच्या गळ्यात होती, लेक दुसऱ्या गावी मावशीकडे. मग पुसली कुणी? हळूहळू भीती गेली आणि आशा आली. तो येतोय. म्हणजे त्याने तिला माफ केलंय. दुपारी यंत्र थांबवलं की कधीकधी भिंतीतून खसखस ऐकू यायची. उंदीर असेल, असं ती मोठ्याने म्हणायची आणि यंत्र थांबवूनच बसून राहायची.

तिसऱ्या महिन्यात शाळेच्या गणवेशांचे पैसे आले. आयुष्यात पहिल्यांदा ती एकटी सराफाकडे गेली आणि एक नाणं घेतलं. त्यांच्या नाण्यांशेजारी ठेवायचंय, म्हणाली. सराफाने हातातला तराजू खाली ठेवला. काहीतरी बोलणार होता, पण नुसतं नाणं कागदात गुंडाळून दिलं. तिने ते ट्रेच्या शेवटच्या खणात ठेवलं, तेही पदराने धरून.

आता पुढच्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले होते. तिने उघड्या तिजोरीकडे बघून सांगितलं, पोरीसाठी नेतेय, रागावू नका. मग ट्रे पिशवीत घालून ती सराफाकडे गेली.

सराफाने ट्रे पाहिला आणि दुकानाचं दार लोटून घेतलं.

"वहिनी, फीचं मी बघतो. पण आधी ऐका. ही चांदी नाही. स्टील आहे."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा त्याने सगळी नाणी मला विकली. मंडळ वगैरे काही नव्हतं. या चकत्या त्याने स्वतः कापल्या, ठसा मी दिला. तुम्हाला कळलं तर तुम्ही औषध घ्यायच्या नाहीत, म्हणाला. शपथ घातली होती मला."

म्हणून हात लावू देत नव्हता. दोन वर्षं तो दर महिन्याला भिंतीकडे तोंड करून स्टील घासत बसला होता, आणि तिने त्याला काय काय ऐकवलं होतं. स्टील काळं पडत नाही. म्हणजे कुणी येत नव्हतं, काही पुसत नव्हतं, कुणी तिला माफही केलेलं नव्हतं. तो गेला तो तेच शब्द घेऊन गेला. ती तिथेच खुर्चीवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली.

सराफाने तिला पाणी दिलं. मग तो ट्रेकडे वळला.

"तुम्ही माझ्याकडून नेलेलं तेवढं खरं आहे. काळं पडलं असेल, घासून देतो."

त्याने ट्रेवरून नजर फिरवली, मग पुन्हा फिरवली. तिने शेवटच्या खणाकडे बोट दाखवलं. त्याने ते नाणं उचललं, दगडी फळीवर वाजवलं, कान देऊन ऐकलं आणि उजेडाकडे धरलं. त्याच्या चेहऱ्याचं प्रतिबिंब त्यात स्वच्छ पडलं होतं.

"चांदीच आहे," तो हळूच म्हणाला. "पाच महिने झाले ना, वहिनी? मग हे पुसतंय कोण?"