तक्रार नसलेला बेल्ट

"आवाज कुठे येतोय?" दिगंबरकाकांनी बॉनेटवर टिचकी मारली. "सात वर्षांत गाडीनं एकदा कुरकुर केली नाही. मग टायमिंग बेल्ट बदलायचा कशाला?"

गॅरेजवाल्या हुसेनभाईंनी फडक्याला हात पुसले. "काका, टायमिंग चेन असती तर मीच म्हणालो असतो, राहू द्या. चेन लोखंडाची. झिजली की खडखड करते, आधी सांगते. बेल्ट रबराचा, तो बोलतच नाही. मुदत उलटली की एक दिवस चालत्या गाडीत तुटतो, आणि जाताना इंजिन घेऊन जातो."

काकांचा चेहरा उतरला. "मग आजच बदला! आवाज येईपर्यंत थांबायचं म्हणजे शुद्ध मूर्खपणा."

बाकावर बसलेल्या काकूंनी लगेच पर्समधून फोन काढला आणि रक्त तपासणाऱ्या लॅबचा नंबर लावला.

"उद्या सकाळी सातला एक नाव लिहा. माझे मिस्टर. वय चौसष्ट. सगळ्या तपासण्या, हृदयाचीसुद्धा. त्रास? छे, काहीच नाही. गेली सात वर्षं हेच सांगतायत."

"अगं, मी ठणठणीत आहे!"

"थोरले भाऊजीही होते," काकू म्हणाल्या. "शेवटच्या सकाळपर्यंत."

मग काकांनी उसनं हसू आणून हुसेनभाईंकडे पाहिलं. "सांगा हो हिला. मी बेल्टवाला नाही, चेनवाला माणूस आहे."

"चेन मी आहे," काकू पर्स बंद करत म्हणाल्या. "पस्तीस वर्षं खडखडतेय, ऐकलंत कधी? उद्या उपाशीपोटी निघायचंय. चहासुद्धा नाही."