घडीची सायकल

"भिंतीवर टांगाच्या सायकलीत नवा एक्सल कोण टाकते, आई?"

मनोजनं हा प्रश्न घरी विचारला होता, गाडीत विचारला होता आणि आता जहीरभाईंच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर उभं राहून पुन्हा विचारला. जमुनाबाईंनी उत्तर देण्याऐवजी दुकानातलं लोखंडी स्टूल ओढून घेतलं, त्यावर बसल्या आणि पर्समधून रुमाल काढून सायकलीचं हँडल पुसायला लागल्या.

उद्या अमरावतीत मनोजच्या कॅफेचं उद्घाटन होतं. काउंटरमागची अख्खी भिंत त्यानं आईच्या या घडीच्या सायकलीसाठी मोकळी ठेवली होती. मावशीच्या यजमानांनी ती कधीकाळी मस्कतहून आणलेली. मधोमध दुमडली की गाडीच्या बाकाखाली सरकायची. हिच्याच जोरावर बाईंनी अकोला-अमरावती अपडाऊन करत सगळी नोकरी काढली होती, आणि पॅसेंजरमधले लोक त्यांना 'घडीवाल्या बाई' म्हणूनच ओळखायचे. सायकल द्यायला त्या एका शब्दात तयार झाल्या. अट एकच घातली, आधी ती चालती करायची.

आणि तिथंच घोडं अडलं होतं. दोन्ही पायडलांच्या मधल्या नळीत जो दांडा फिरतो, तो एक्सलच झिजून गेला होता. पायडल मारलं की नळीच्या पोटातून कटकट आवाज यायचा आणि पाय लटलट हलायचा.

"जहीरभाई, तुमीच समजवा हिले," मनोज म्हणाला. "आता कोणी चालवणार आहे का ही?"

जहीरभाई उकिडवे बसून हातोडीनं पायडलाची खीळ ठोकत होते. त्यांनी मान वर केली नाही. "मी काय समजावू? सायकल बाईची, एक्सल बाईचा. तू मधात कोण?"

"भिंतीवर मेलेल्या माणसाचे फोटो टांगतात," जमुनाबाई म्हणाल्या. "हे काही मेली नाही अजून."

लेकाचं तोंड बंद करणं त्यांना पहिल्यापासून चांगलं जमायचं.

नळीच्या डाव्या तोंडावरचा कप, म्हणजे आट्यांचं झाकण, सुटला. काळंभोर ग्रीस आणि त्यात माखलेले बेअरिंगचे छर्रे जहीरभाईंच्या तळहातावर आले. त्या वासानं मनोजला एकदम लहानपण आठवलं. आईच्या पातळाच्या काठाला कायम असाच डाग असायचा. संध्याकाळी तो पायरीवर बसून तिची वाट बघायचा, आणि ती दारात आली की आधी त्याला मागे बसवून कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारायची, मग चहा ठेवायची. दिवसभराची नोकरी आणि उभ्यानं प्रवास करून आलेली बाई ही चक्कर कुठल्या बळावर मारत होती, हे त्याच्या आज पहिल्यांदा मनात आलं.

चेनकडचा कप मात्र हलेना. मनोजला घाई होती, अमरावतीत शंभर कामं खोळंबली होती. त्यानं जहीरभाईंच्या हातातून पाना घेतला, पाय रोवला आणि सगळा जोर लावला. कप हलला. तो खूश झाला.

"तू कसून राहिला रे त्याले," जमुनाबाई म्हणाल्या. "त्या बाजूले आटे उलटे राहतात. इकडं फिरव."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. होता त्याहून घट्ट बसलेला कप सोडवायला मग रॉकेल ओतावं लागलं, पान्याला पाइप जोडावा लागला आणि दोघांनी मिळून पाइपावर लोंबकळावं लागलं. जमुनाबाई स्टुलावर बसून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

नवा एक्सल बसला. जहीरभाईंनी पायडलाला एक टिचकी मारली. ते बिनआवाजी फिरत राहिलं.

"पाहा चालवून," ते म्हणाले.

मनोज 'नको' म्हणेपर्यंत जमुनाबाई उठल्या होत्या. त्यांनी पदर खोचला, एक पाय पलीकडे टाकला, जरा डगमगल्या आणि निघाल्या. गल्लीतल्या शेळ्या बाजूला झाल्या. कोपऱ्यावरून त्या वळून परत आल्या तेव्हा दमल्या होत्या, पण चेहरा असा उजळला होता की मनोजला त्यांच्याकडे नीट बघवेना.

तेवढ्यात अमरावतीहून मिस्त्रीचा फोन आला. हूक किती उंचीवर ठोकायचे, तो विचारत होता.

"वर ठोक. छताजवळ, लाइटाखाली," मनोज म्हणाला.

"छताजवळ नको," जमुनाबाई म्हणाल्या. "माह्या हाताले पुरेल एवढ्यावर ठोकाले सांग. मी येईन, आणि मले वाटलं तं काढून घेईन."

"किती म्हणजे किती, आई? त्याले माप पाहिजे."

जमुनाबाई दुकानाच्या भिंतीला तोंड करून उभ्या राहिल्या आणि सायकल टांगताना उचलावेत तसे त्यांनी दोन्ही हात उचलले. जहीरभाई पंक्चरच्या जागी खूण करायचा खडू घेऊन पुढे आले.

"अजून वर घे ना," मनोज म्हणाला.

"एवढेच जातात रे आता."

जहीरभाईंनी हाताजवळ रेघ मारली. जमुनाबाई बाजूला झाल्या. फोनवर मिस्त्री विचारत होता, किती भाऊ, किती. मनोज भिंतीजवळ गेला आणि रेघेसमोर उभा राहिला. ती त्याच्या छातीपर्यंतही आली नव्हती.