साहेबाचा चेहरा

ड्रेस्डेनच्या संग्रहालयात मी जुनी चित्रं स्वच्छ करते. ते काम बघायला सासरे पहिल्यांदाच आले आणि पाच मिनिटांत त्यांचा पारा चढला. समोर सतराव्या शतकातला इंग्रज आरमारप्रमुख होता, हात तलवारीवर, हनुवटी वर. शेजारच्या जर्मन पाटीवर बाबांनी मोबाईल धरला आणि भाषांतर मोठ्यानं वाचलं, "कोकण किनाऱ्यावर शत्रूची गलबतं जाळणारा शूर दर्यावर्दी."

"शत्रू म्हणजे आपण!" ते कडाडले. "आणि मैथिली, तू तीन महिने याचं तोंड पुसतेस?"

"बाबा, हळू बोला."

"का म्हणून? तान्ह्या बाळासारखं चोळतेयस त्याला! वर कसलं तरी महागडं औषधही लावत असशील!"

आता माझंही डोकं फिरलं. ती पाटी बदला म्हणून मी वरिष्ठांशी दोनदा भांडले होते. "तुमचं काम सफाईचं," एवढंच उत्तर मिळालं होतं.

"औषध नाही लागत," मी म्हटलं. काडीला नवा कापूस गुंडाळला, तोंडात घालून चांगला ओला केला आणि साहेबाच्या गालावर फिरवला. "जुना मळ थुंकीनंच छान निघतो. आमच्या कामात असंच करतात. तीन महिने रोज थुंकतेय मी याच्या तोंडावर."

घरात कुणाचा उष्टा पेलासुद्धा न चालणारे बाबा त्या काडीकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"नाकाजवळ राहिलंय बघ थोडं," ते म्हणाले.