संमतीचा सराव

“एवढं गुणकारी औषध आहे, तर निम्म्या लोकांना खोटी गोळी कशाला देता?” पियसीली अम्मांनी विचारलं.

डॉक्टर थिसर अडखळला. “तशी पद्धत असते, अम्मा. संशोधनात.”

“मग मी नाही सही करणार.”

मागे बसलेल्या डॉक्टरांत खसखस पिकली. थिसरचे कान तापले. दुसऱ्यांदा नापास.

श्रीलंकेतल्या कँडीच्या त्या इस्पितळात तोंडाच्या कर्करोगावरच्या नव्या गोळीची चाचणी सुरू व्हायची होती. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच मिळणार होते. त्यावर निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली, हे डॉक्टरलाही कळणार नव्हतं. त्याआधी प्राध्यापक मल्लिका एकनायके तरुण डॉक्टरांकडून संशोधनाची बाराखडी घोटून घेत होत्या. आकडेमोड सगळ्यांना जमली. घोडं अडलं ते रुग्णाची संमती घेण्यापाशी.

पियसीली अम्मांचं आयुष्य फिरत्या नाटक मंडळीत गेलं होतं. आता त्या अशा वर्गांत रुग्णाचं काम करायच्या. काय विचारायचं आणि शेवटी हो म्हणायचं, हे मॅडम त्यांना लिहून देत. या खेपेला मात्र अम्मा एकालाही हो म्हणेनात.

चहाच्या सुट्टीत माशाचे पाव आले. अम्मांनी आपला पाव डॉक्टर निरोशाच्या बशीत सरकवला आणि चहा निवेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

“बाई सुट्टीतसुद्धा भूमिका सोडत नाही,” निरोशा थिसरला हळूच म्हणाली. “मघाशी पाण्याचा घोट घेताना तोंड कसं वाकडं केलं, पाहिलंस? मला खरंच वाटलं, कळ आली म्हणून.”

“तुला कौतुक सुचतंय. मी उद्या नापास झालो तर माझी रवानगी परत त्या लांबच्या मोनरागलाला. इकडे बायकोचे दिवस भरत आलेत.”

“मग तिला हसव थोडं.”

“हसवून काय होणार? मॅडमनीच पढवून ठेवलंय तिला. माझ्यावर डूख आहे त्यांचा.”

पण जाता जाता त्याच्या कानावर वेगळंच पडलं. व्हरांड्यात मॅडम अम्मांना झापत होत्या. “लिहून दिलंय तेवढंच विचारा ना. ‘गोळी गिळता आली नाही तर काय’ हे कुठे होतं त्यात? पोरं घाबरतात.”

“मी जिचं काम करते, त्या बाईला पडेल हा प्रश्न,” अम्मा म्हणाल्या. “मला वाटलं, विचारावा.”

त्या रात्री थिसरला नीट झोप लागली नाही. अम्मांचा तो खोट्या गोळीचा प्रश्न डोक्यातून जाईना. बाई नाटक करत असेल, पण प्रश्न खोटा नव्हता. आणि त्याचं उत्तर आपण अजून स्वतःलाही दिलेलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं.

सकाळी त्याने खुर्ची ओढून अम्मांच्या शेजारी लावली. हातातले कागद पालथे ठेवले.

“अम्मा, काल मी औषध गुणकारी आहे म्हणालो. ते चुकलं माझं. गुणकारी आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. कुणालाच नाही. त्याने अपायही होऊ शकतो. ते कळावं म्हणूनच ही चाचणी.”

“म्हणजे फायदा माझा नाही, पुता. पुढच्यांचा.”

“तसंच म्हणा. तुमचा होईलच असं वचन मी देऊ शकत नाही.”

“घरी सांगावं लागतं का?”

“तुम्हाला वाटलं तर.”

“आणि मध्येच नको म्हटलं, तर हाकलून देता?”

“नाही. गोळी बंद होईल, उपचार नाहीत.”

अम्मा पुढे झुकल्या. “तुझी आई असती, तर तिला काय सांगितलं असतंस?”

“हेच. मला ठाऊक नाही, म्हणून. तिने नाही म्हटलं असतं, तरी तिच्याजवळच बसून राहिलो असतो.”

मग अम्मा म्हणाल्या, “बरं. सही कुठे करू?”

अम्मांनी पूर्ण नावाची सही केली. मागून टाळ्या वाजल्या.

“पास,” मॅडम म्हणाल्या. “अम्मा, आज मात्र रंगवलंत. तो कागद टाका फाडून, सरावाचाच आहे.”

अम्मांनी कागद फाडला. पण सावकाश, जपून ठेवायचा असल्यासारखा.

पुढच्या सोमवारी चाचणी सुरू झाली. थिसर खिडकीजवळच्या टेबलाशी कागद लावत होता. आजचा माणूस खरा असणार होता.

सिस्टर आत आली. “पहिल्या रुग्ण आल्यात, सर. डाव्या गालाच्या आत जखम, दोन-तीन महिन्यांपासूनची. तुकडा काढून तपासलाय, कर्करोगच आहे. कुणाला बोलल्याच नव्हत्या म्हणे.”

“बसवा. मी सगळं नीट समजावतो त्यांना.”

“त्या नको म्हणतात. थिसर डॉक्टरांनी मला समजावलंय, आता फक्त सही घ्या, म्हणतात.”

“मी? मी तर अजून एकाही रुग्णाशी बोललेलो नाही,” असं म्हणत थिसरने दाराबाहेर पाहिलं. बाकावर पियसीली अम्मा बसल्या होत्या.