उतरू नका

रिहे गावच्या शिवारात नवरदेवाचं हेलिकॉप्टर तिसऱ्यांदा खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. मुहूर्त टळत चालला होता. चुन्याच्या गोलाभोवती अख्खं वऱ्हाड डोक्यावर दोन्ही हात हलवून त्याला बोलावत होतं. तेवढ्यात होणाऱ्या जावयाचा वरून मेसेज आला: ‘मामा, पायलट म्हणतात, असे हात हलवणं म्हणजे उतरू नका. खाली सगळेच नको म्हणतायत!’ मी माइकवरून “हात खाली घ्या” ओरडलो, पण पंख्याच्या घरघरीत कोण ऐकतंय? शेवटी धोंडाबाई आत्यानं अक्षतांचं ताट उचललं. “हातात तांदूळ पडल्याबिगर ह्यांचं हात खाली यायचं न्हाईत,” म्हणाली आणि वाटत सुटली. एकेक मूठ मिटली, छातीशी आली. हेलिकॉप्टर अलगद गोलात टेकलं. पंखा थांबला, पायलट उतरला. “लई घोर लावलास रं लेकरा,” म्हणत आत्यानं लग्नातली पहिली अक्षता त्याच्याच डोक्यावर टाकली.